जिन्याखालचा काळा डबा

मैत्रिणींनो, तुमच्या इमारतीत जिन्याखाली, नाहीतर वॉचमनच्या केबिनमध्ये, मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढा एक काळा डबा असेल. पाठीमागे वायरींचा गुंता, पुढे दोन-तीन लुकलुकते दिवे आणि वर धुळीचा थर. त्याला डीव्हीआर म्हणतात. कॅमेरे नुसते पाहतात, पाहिलेलं लक्षात ठेवतो तो हा डबा. तुम्ही म्हणाल, हे खातं पुरुषांचं. सेक्रेटरी बघतील, नाहीतर कॅमेरेवाला बघेल. पण या डब्यावर एखाद्या बाईचं पोट अवलंबून असू शकतं, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहिते आहे.

आमची सोसायटी खारघरची, अठ्ठावीस बिऱ्हाडांची. कॅमेरे आठ. २०२३ च्या दिवाळीच्या साफसफाईत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची एक पाटली दिसेनाशी झाली. जोडीतली एक आहे, दुसरी नाही! त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आमच्याकडेही येतात. आमच्या इमारतीत त्यांची तेव्हा पाच घरं होती. वहिनी काही वाईट नाहीत, पण सोन्याच्या बाबतीत संशयाला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये, गेटावर, भाजीवाल्याच्या गाडीशी एकच विषय.

मावशी माझ्याकडे आल्या त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी मी वर गेलेच नाही. गेटातच मुलीला ताप आल्याचा फोन आला, तशीच मागे फिरले. तो कॅमेरा लावलाय ना गेटावर? त्यात बघा की!"

किती साधी मागणी! त्यांच्या बाजूने बोलणारा साक्षीदार आयता खांबावर लटकत होता. आमचे हे आणि सेक्रेटरी खाली गेले, मीही गेले. पडद्यावर आठही चौकटी झकास दिसत होत्या. तारीख मागे नेली, तर दिवाळी नाही, दसरा नाही, गणपती नाही. शेवटचं चित्रण निघालं ते जूनमधलं. त्यानंतर सगळं कोरं!

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडेही असंच असू शकतं. पडद्यावर चित्र दिसणं वेगळं आणि ते साठवलं जाणं वेगळं. डब्याच्या पोटात एक हार्डडिस्क असते, तिच्यावर चित्रण लिहिलं जातं. ती बिघडली तरी कॅमेरे चालू राहतात, पडदा चालू राहतो, आणि सगळ्यांना वाटतं की पहारा चालू आहे. खरं म्हणजे डिस्क गेली की बहुतेक डीव्हीआर पीं-पीं असा ओरडतो. आमचाही ओरडला होता म्हणे. वॉचमनच्या झोपेत व्यत्यय येतो म्हणून तो आवाज कुणीतरी बंद करवून घेतला होता! कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही.

पाटली मिळाली नाही. चोरी सिद्ध झाली नाही आणि झाली नाही असंही सिद्ध झालं नाही. मावशींची पाचातली चार घरं मात्र सुटली. "आमचा तुमच्यावर संशय नाही हो, पण..." या 'पण'ला काय उत्तर द्यायचं?

पुढच्या सभेत हा विषय निघाला, तेव्हा नवी डिस्क किती हजाराची यावर पाऊण तास गेला आणि मावशींवर दोन मिनिटं. सहकार कायद्याप्रमाणे गृहनिर्माण संस्थेच्या समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. आमच्याकडे त्यांतली एक रिकामीच होती. ती मी मागून घेतली. मुलांना गणित शिकवते, तेव्हा हा हिशेब तरी समजेल असं मनाशी म्हटलं.

आणि हिशेब खरंच शाळेतल्यासारखाच आहे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा जुन्या पद्धतीने, म्हणजे एच-२६४ ने, चित्रण साठवत असेल तर सेकंदाला साधारण २ मेगाबिट लागतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणा, आठाने भागा, की दिवसाला २१ ते २२ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे झाले सुमारे १७३. एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची डिस्क सहाव्या दिवशी भरते. भरली की डबा थांबत नाही, सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. एच-२६५ या नव्या पद्धतीत जागा जवळजवळ निम्मी लागते, म्हणजे अकरा-बारा दिवस मिळतात. आता सांगा, आपल्याला दागिना हरवल्याचं कळतं कधी? लग्नाकार्याला कपाट उघडल्यावर! तोवर डब्याच्या स्मरणातून महिना कधीच पुसला गेलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांसाठी चित्रण अठरा महिने, आणि ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायला सांगितलं. आपल्याला तेवढं नको, पण एक महिना तरी हवा. आम्ही चार टीबीची डिस्क घेतली.

डिस्क घेताना 'सर्व्हेलन्स'ची मागा. संगणकात घालतात ती साधी डिस्क दिवसरात्र लिहीत राहण्यासाठी बनवलेली नसते. आमच्या डब्यातून जी निघाली ती साधीच होती. बसवणाऱ्याने कशी खपवली त्याबद्दल न बोललेलं बरं.

देखभालीच्या वार्षिक कराराचीही, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तीच तऱ्हा. हा करार दोन प्रकारचा असतो. एकात सुटे भाग धरलेले असतात, दुसऱ्यात फक्त माणूस येऊन बघून जातो. आमचा दुसरा होता. माणूस तीन महिन्यांनी यायचा, पडदा बघायचा, सही घ्यायचा, चहा पिऊन जायचा. आता करारात मी एक ओळ घालून घेतली आहे: प्रत्येक भेटीत मागच्या पंधरवड्यातलं कुठलंही एक चित्रण काढून दाखवायचं, मगच सही. तो कुरकुरतो, पण दाखवतो.

आपल्याकडच्या हवेचंही बघावं लागतं. खाडीची दमट हवा आणि वर हा पाऊस. वायरींच्या टोकांना गंज चढतो, काचेवर बुरशी धरते. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यांच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि मग सगळ्या चित्रणात पांढरं जाळं तेवढं दिसतं. महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या झाडूने पुसलं की झालं, त्याला कंत्राटदार लागत नाही. डब्यातल्या घड्याळाचा एक लहानसा सेल असतो. तो संपला की वीज जाऊन आल्यावर तारीखच भलती होते. वेळ चुकलेलं चित्रण पोलिसांपुढे ठेवून काय उपयोग?

वेळेचं महत्त्व किती, हे आपल्या जालन्याच्या खटल्यात दिसलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनची. अर्जुन खोतकरांची कागदपत्रं तीननंतर दाखल झाली, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा. खोतकर २९६ मतांनी निवडून आले होते. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवला आणि असंही सांगितलं की चित्रणाची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ आहे. तेव्हा मोबाइलने पडद्याचा फोटो काढून भागत नाही, बरं का! पेनड्राइव्हवर मूळ चित्रण उतरवून घ्या आणि डबा आहे तसा राहू द्या.

आता दुसरी बाजू. डबा इंटरनेटला जोडला की तो आपल्या मोबाइलवर दिसतो, तसाच दुसऱ्याच्याही दिसू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची चित्रणं बाहेर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूर-सांगलीकडचे तरुणही होते. वाचून मला जेवण गेलं नव्हतं. कारखान्यातून येणारा 'अ‍ॅडमिन'छाप पासवर्ड कुणी बदलत नाही, आणि चोरांना तो पाठ असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने असेच साधे पासवर्ड लावून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी हल्ला चढवून अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. आपल्या सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची चाचणी उत्तीर्ण झालेलेच कॅमेरे विकता येतील असा नियम आणला आहे. नवे घेताना एसटीक्यूसीचं प्रमाणपत्र विचारा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तर दुसरं दुकान बघा.

पण परक्या चोरापेक्षा घरच्या डोळ्यांची मला जास्त धास्ती वाटते. समितीतल्या सहाजणांच्या मोबाइलवर आमचे कॅमेरे दिसत. ऐरोलीला रात्रपाळी करणारी एक मुलगी आमच्या इमारतीत राहते. ती किती वाजता आली, कोणाच्या गाडीतून उतरली, हे एका गृहस्थांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. जिच्यासाठी पाळत नको तिच्यावर पाळत, आणि जिला हवी होती तिच्या वेळी डबा कोरा! सभेत मी हे असंच बोलले. थोडी बाचाबाची झाली. ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, पण मी थांबले नाही.

शेवटी ठरलं ते असं. मोबाइलवरचं बंद. पासवर्ड दोघांकडे, त्यातली एक बाई. ज्याला चित्रण बघायचं त्याने वहीत नाव, कारण, तारीख लिहायची आणि दोघांसमोर बघायचं. घरात काम करणाऱ्या बायकांनाही तसं मागता येईल, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मराठीत आणि हिंदीत लिहिलं आहे. त्यावरही एकाने विचारलं होतं, "त्यांना कशाला?"

वहीत आजवर सात नोंदी झाल्या. चार गाड्या घासल्याच्या, एक चोरीला गेलेल्या सायकलची, एक पार्सलची. सातवी, पाचव्या मजल्यावर कामाला येणाऱ्या बाईंची. त्यांच्या पगारातून खाडे कापले होते आणि त्या दिवशी मी आले होते असं त्यांचं म्हणणं. चित्रण काढलं, तर तीनपैकी दोन दिवस त्या गेटातून आत येताना दिसल्या. दोन दिवसांचे पैसे मिळाले. मावशींनी मात्र अजून आमच्या घराखेरीज या इमारतीतलं दुसरं काम धरलेलं नाही. बोलावणी आली होती, त्याच नाही म्हणाल्या.