साहेबांचा स्लाइस

सर्दी झालेल्या माणसाला आणि गोल्फ खेळणाऱ्या माणसाला सल्ल्याची ददात कधीच पडत नाही. सर्दीवाल्याला निदान काढा तरी मिळतो. गोल्फवाल्याला मिळतं ते एकच वाक्य, ‘डोकं खाली ठेवा!’ चेंडू झाडीत गेला, डोकं खाली ठेवा. तळ्यात गेला, डोकं खाली ठेवा. जागचा हललाच नाही, तरी डोकं खालीच. डोकं खाली ठेवून माणूस मोठा होत असता, तर आम्ही बँकेतले कारकून एव्हाना जगज्जेते झालो असतो.

मी स्वतः हा खेळ खेळत नाही. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या चालतात. आमच्या घरी एकच आहे, जळमटं काढायची. पण आमचे निवृत्त मॅनेजर खेळतात. वहिनी गेल्यापासून रविवारची सकाळ त्यांना खायला उठते, म्हणून मी सोबतीला जातो.

साहेबांचं दुखणं म्हणजे स्लाइस. ड्रायव्हरने मारलेला चेंडू डावीकडे निघायचा आणि मध्येच काहीतरी विसरल्यासारखा उजवीकडे वळून झाडीत शिरायचा. हौशी खेळाडूंचं हे अगदी नेहमीचं दुखणं. त्यातून ड्रायव्हरच्या तोंडाला उतार कमी, साधारण 9 ते 12 अंश. इतर काठ्या थोडंफार झाकून नेतात. हा मात्र घरातल्या लहान मुलासारखा पाहुण्यांसमोर सगळं सांगून टाकतो.

साहेबांनी उपाय काढला होता. चेंडू उजवीकडे जातो ना? मग आपण आणखी डावीकडे वळून उभं राहायचं! चेंडू आणखी जोरात उजवीकडे वळायला लागला. शेवटी एका रविवारी ते म्हणाले, “काठ्या विकून टाकतो. उगाच हसं होतं.” माझ्या पोटात गोळा आला. काठ्या गेल्या, तर रविवारी सकाळी साहेब कुठे जाणार?

पुढच्या खेपेस मी वही घेऊन गेलो. दोन रकाने आखले. ‘चेंडू निघाला कुठे’ आणि ‘वळला कुठे’. वीस फटके नोंदले. सतरा वेळा डावीकडे निघून उजवीकडे. कॉमर्सवाल्याला एवढा पुरावा पुरतो. चेंडू निघतो तो बहुतांशी काठीच्या तोंडाच्या दिशेने आणि वळतो तो काठीचा मार्ग आणि तोंड यांत जो फरक पडतो, त्यामुळे. जुनी पुस्तकं सुरुवातीची दिशा मार्गावरून ठरते म्हणायची. रडारच्या मोजमापांनी ते खोटं ठरवलं. साहेबांची काठी बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढली जायची आणि तोंड त्या मार्गाच्या मानाने उघडं राहायचं. डावीकडे वळून उभं राहिलं की मार्ग आणखी डावीकडे आणि फरक आणखी मोठा!

“साहेब,” मी म्हटलं, “हे ताळा जमत नाही म्हणून फरक सस्पेन्स खात्यात टाकण्यासारखं झालं.”

साहेब चमकले. कारण कागद टॅली होतो, पण चूक जिथल्या तिथे राहते आणि दर महिन्याला फुगते, हे अख्ख्या शाखेला त्यांनीच शिकवलं होतं. “आणि आज हे तुम्ही मला ऐकवताय?” ते म्हणाले. पण वही मात्र मागून घेतली.

काठी आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्शापुरती. तिथे दुरुस्तीला वेळ नाही. दुरुस्ती आधीच करायची. डावा हात दांड्यावर जरा उजवीकडे फिरवला, वरून बघताना बोटांची दोन-तीन पेरं दिसतील इतका. पाय आणि खांदे सरळ लक्ष्याला समांतर केले. खाली येताना खांद्यांनी घाई करायची नाही, आधी कंबर वळवायची, असं ठरलं. शिवाय चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे, ड्रायव्हरची लोकरी टोपी ठेवली. काठी बाहेरून आली की टोपी उडणार. पहिल्या दिवशी टोपी चेंडूपेक्षा लांब गेली. कॅडीने ती निमूटपणे आणून दिली, एकदा नव्हे, अकरा वेळा.

तीन महिन्यांत टोपी जागेवर राहू लागली. चेंडू अजून थोडा उजवीकडे झुकतो, पण झाडीत जात नाही. काठ्या विकायची भाषा बंद झाली. आता शनिवारी रात्री साहेबांचाच फोन येतो, “उद्या वही विसरू नका.”

परवा शेजारच्या एका गृहस्थांचा चेंडू भर्रकन झाडीत गेला. साहेब लगबगीने त्यांच्याकडे निघाले. मला अभिमान वाटला. आता पकड, मार्ग, तोंड, दोन रकाने, सगळं शास्त्रशुद्ध निघणार!

साहेबांनी त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले,

“डोकं खाली ठेवत जा!”