उणे सत्तर

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्याला आता तेवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मुलींना सर्वांत जास्त घाम फोडणारं प्रकरण बदललेलं नाही: एक्सायटेबल सेल्स, म्हणजे उद्दीपनक्षम पेशी. चेतापेशी आणि स्नायूपेशी. हाडांची नावं पाठ होतात, हृदयाचे कप्पे आकृतीवरून लक्षात राहतात. पण ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे पेशीतून जाणाऱ्या विद्युत-संदेशाचा, तो सुळक्यासारखा आलेख फळ्यावर काढला की वर्ग गप्प होतो. मग मुली आलेखच पाठ करतात. उणे 70, उणे 55, अधिक 30, परत उणे 70 मिलिव्होल्ट. परीक्षेत सुबक काढतात, गुण मिळवतात आणि दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत विसरून जातात.

मीही तसाच पाठ केला होता. याच प्रकरणावरचं माझं उत्तर आमच्या मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं होतं. पुढच्या वर्षी मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग असताना जुलाब-उलट्यांनी खंगलेली एक बाई दाखल झाली. डॉक्टरांनी पोटॅशियम क्लोराइड लिहून दिलं. मी ॲम्प्यूल फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि थेट शिरेतून द्यायला निघाले. इनचार्ज सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "अगं, हे सलाइनच्या बाटलीत मिसळून थेंब-थेंब द्यायचं असतं. असं दिलंस तर सुई काढायच्या आत तिचं हृदय थांबेल." त्या ओरडल्या नाहीत. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

त्या रात्री मी वही काढली आणि पहिल्यांदा ते प्रकरण समजून घेण्यासाठी वाचलं.

आजही मी शिकवायला सुरुवात करते ती त्याच ॲम्प्यूलपासून. 10 मिलीची, 15 टक्क्यांची काचेची छोटी कुपी. मुलींच्या हातात देते आणि एक हिशोब करायला सांगते. या कुपीत पोटॅशियम किती? 20 मिलिइक्विव्हॅलंट. रक्तातल्या एक लिटर प्लाझ्मात किती? साधारण 4. अंगात प्लाझ्मा किती? सुमारे 3 लिटर. म्हणजे प्लाझ्मात सगळं मिळून 12. थोडक्यात, माणसाच्या सगळ्या प्लाझ्मात नसेल इतकं पोटॅशियम त्या बोटभर कुपीत आहे. हिशोब पुरा होतो तेव्हा ज्या मुलीच्या हातात कुपी असते, ती मुलगी ती हळूच टेबलावर ठेवते. दरवर्षी हेच होतं.

मग आलेखाकडे वळायचं. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत 140, बाहेर 4. सोडियमचं उलट, बाहेर 140 आणि आत जेमतेम 10-12. ही विषमता आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलातला पंप अहोरात्र 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. त्यातच पोटॅशियम आपल्या वाटेनं थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं, जाताना धनभार घेऊन जातं, आणि पेशीचं अंतरंग ऋण राहतं. उणे 70 म्हणजे हेच. पेशी स्वस्थ पडलेली नाही, ती तयारीत बसलेली आहे. हृदयाच्या स्नायूत तर हा आकडा उणे 90 च्या घरात असतो.

आता बाहेरचं पोटॅशियम एकदम वाढलं तर? झिरपणं कमी होतं, आतला ऋणभार घटतो, पेशी उणे 90 पर्यंत खाली येतच नाही. आणि संदेश उठवण्यासाठी सोडियमला आत घेणारे पटलातले दरवाजे असे आहेत की एकदा उघडून मिटले की पेशी पूर्ण खाली आल्याशिवाय ते पुन्हा उघडायला तयार होत नाहीत. दरवाजे अडकतात, हृदय थांबतं. इनचार्ज सिस्टरांनी माझं मनगट का धरलं, त्याचं उत्तर मी पाठ केलेल्या आलेखातच होतं. मला ते तिथे दिसलं नव्हतं.

हे दरवाजे शोधले कसे, तेही मी सांगते, कारण आमच्या कोकणातल्या मुलींना त्यातलं पात्र ओळखीचं असतं. माकूळ. समुद्रातल्या या प्राण्याचा एक चेतातंतू इतका जाड असतो की त्यात बारीक तार घालता येते. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी त्याच तंतूवर काम करून 1952 मध्ये सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करण्याचं गणित मांडलं. 1963 चं नोबेल त्यांना एकल्स यांच्यासह मिळालं.

ऑल-ऑर-नन आणि रिफ्रॅक्टरी पिरियड हे दोन शब्द परीक्षेत हमखास विचारतात. दिवाळीच्या सुट्टीआधी हा भाग आला तर मला बरं वाटतं. फटाक्याची वात काडीनं पेटवा नाहीतर मशालीनं, एकदा पेटली की ती आपल्याच वेगानं, आपल्याच धगीनं शेवटपर्यंत जाते. आणि जळलेला भाग पुन्हा पेटत नाही म्हणून आग मागे फिरत नाही. चेतातंतूतही संदेश याच कारणानं पुढेच जातो. फरक एवढाच की चेतातंतूची वात काही मिलिसेकंदांत पुन्हा पेटण्याजोगी होते. हृदयाच्या स्नायूला मात्र सुमारे पाव सेकंद लागतो. हा पाव सेकंद नसता तर हृदय हाताच्या मुठीसारखं आवळून राहिलं असतं, त्यात रक्त भरायला उसंतच मिळाली नसती.

मागे शेवटच्या वर्षाची एक मुलगी प्रसूती विभागात रात्रपाळीला होती. झटके येऊन गेलेल्या एका बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं. दर चार तासांनी 5 ग्रॅमचं इंजेक्शन, एकदा या कुल्ल्यात, पुढच्या वेळी त्या. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या: श्वास मिनिटाला 16 च्या खाली नको, लघवी तासाला निदान 30 मिली हवी, आणि गुडघ्याचा झटका. पहाटे अडीचची वेळ, वॉर्ड भरलेला, स्टाफ सिस्टर दुसऱ्या टेबलावर गुंतलेल्या. हॅमर सापडला नाही म्हणून हिनं स्टेथोस्कोपच्या कडेनं गुडघ्याखाली टोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायालाही तेच. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून तिनं लघवीची पिशवी पाहिली. चार तासांत जेमतेम 60 मिली. डोस थांबवला, डॉक्टरांना उठवलं, कॅल्शियम ग्लुकोनेट काढून हाताशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कारणही सांगितलं, तेही अस्सल घरच्या मराठीत. "मॅडम, चेतातंतूच्या टोकाला कॅल्शियम आत शिरलं की ॲसिटिलकोलीनच्या पिशव्या फुटतात आणि स्नायूला संदेश पोचतो. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत उभं राहतं. मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नव्हती, म्हणून साचलं. आधी गुडघा जातो, मग श्वास." न्यूरोमस्क्युलर जंक्शनवरच्या, म्हणजे चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरच्या, टिपणाला मी याहून चांगलं उत्तर वाचलेलं नाही. आई आणि बाळ दोघंही चालती-बोलती घरी गेली, बाळ अर्थात आईच्या कडेवर.

ग्रामीण भागात काम करणाऱ्या सिस्टरला हे जंक्शन आणखी एका वाटेनं भेटतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला बांधून ठेवतात. संदेश संपतच नाही. लाळ, घाम, टाचणीएवढ्या बाहुल्या, स्नायूंची फडफड. ॲट्रोपिननं छातीतला कफ आटतो, नाडी सुधारते, घरच्यांना वाटतं माणूस वाचला. पण ॲट्रोपिनचा हुकूम हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर चालत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी श्वास मंदावू शकतो. म्हणून मी मुलींना शिकवते, प्रत्येक फेरीला रुग्णाला म्हणायचं, "काका, उशीवरून डोकं उचला बरं." उचलता आलं नाही तर डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं. या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही.

आणि विंचू. कोकणातल्या लाल विंचवाचं विष सोडियमचे दरवाजे मिटूच देत नाही. घामाचे लोट, थंडगार हातपाय, वाढता रक्तदाब आणि मग फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून किती मुलं वाचवली, ते रायगडात कुणालाही विचारावं. गोळी दिल्यावर रक्तदाब घसरतो, म्हणून मुलाला आडवंच ठेवायचं, रडतंय म्हणून आईनं उचलून कडेवर घ्यायचं नाही. हे आईला समजावून सांगायचं काम सिस्टरचं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुली मला विचारतात, मॅडम, इंग्रजीत उत्तर लिहायचं तर इंग्रजीतच पाठ करू ना? माझं मत ठाम आहे. आधी मराठीत, आपल्या गावच्या बोलीत, बहिणीला सांगता येईल इतकं समजून घ्या. मग चार इंग्रजी वाक्यं लिहिणं अवघड नाही. गाईडमधून उतरवलेला आलेख रात्री अडीच वाजता उपयोगी पडत नाही.

हा अंक वाचणाऱ्यांत माझ्या व्यवसायभगिनी असतीलच. त्यांना एक विनंती. सुट्टीवरून परत ड्यूटीवर जाल तेव्हा वॉर्डातला औषधांचा ट्रे पाहा. पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेल्या दिसल्या, तर त्याच पाळीत उचलून कुलपाच्या कपाटात ठेवा, वर लाल चिठ्ठी लावा, आणि सोबतच्या विद्यार्थिनीला त्यामागचा हिशोब करायला सांगा.