उणे आठ आणे

पुणे, रविवार

चि. छकुलीस,


तुझ्या चाचणीच्या पेपरचा फोटो दादाने पाठवला. रागवायला लिहीत नाहीये. फोनवर गणित सांगितलं की तू नुसती ‘हं, हं’ करतेस, म्हणून हा कागद.

तिसऱ्या प्रश्नात समीकरण होतं २वाय = ३एक्स + ८. तू लिहिलंस, स्लोप ३, वाय-इंटरसेप्ट ८. आकडे दिसले तसे उचललेस. अगं, डावीकडे वाय एकटा उभा राहीपर्यंत उजवीकडे कुणाला नाव द्यायचं नाही. सगळ्यांना दोनाने भाग: वाय = १.५एक्स + ४. स्लोप दीड, इंटरसेप्ट चार.

तुम्ही सेमीवाले स्लोप म्हणता, आमच्या पुस्तकात ‘चढ’ होता. आणि मार्गासनीच्या पोरीला चढ काय शिकवायचा? साखरवरून गुंजवण्यात गेलं की गडाच्या चोर दरवाजाची वाट छातीवर येते. पाली दरवाजाने जाणारा पायऱ्यांनी, दम खात जातो. दोघंही पोचतात पद्मावती माचीवरच. पण पालीकडच्याची पावलं जास्त पडतात, त्यामुळे एका पावलामागे त्याला उंची कमी मिळते. एक्स एकाने सरकला की वाय कितीने हलतो, एवढंच चढ सांगतो.

आता आजीची कणगी घे. समज, सुगीनंतर तीत ९६ पायली भात आहे आणि आठवड्याला ३ पायली निघतं. वाय = ९६ − ३एक्स. एकही आठवडा सरलेला नसताना जे होतं ते ९६, तो इंटरसेप्ट. चढ उणे तीन, म्हणजे उतारच. बत्तिसाव्या आठवड्याला तळ दिसेल, नेमका आवणीच्या तोंडावर.

हे सोपं होतं. फसवते ती रिक्षा. दिवाळीत स्वारगेटहून घरी येताना तू मीटरकडे बोट दाखवून म्हणालीस, ‘आत्या, इंटरसेप्ट २५!’ मीही मान डोलावली. रात्री भांडी घासताना खटकलं. पुण्यात सप्टेंबर २०२२ पासूनचा दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरमागे १७. म्हणजे १७ चा चढ लागू होतो तो दीड किलोमीटर सरल्यावर. मग समीकरण होतं वाय = २५ + १७(एक्स − १.५). कंस सोड. सतरा दिडे साडेपंचवीस. पंचविसातून ते गेले, राहिलं वाय = १७एक्स − ०.५.

इंटरसेप्ट उणे अर्धा रुपया! ती रेघ मागे शून्यापर्यंत ओढली, तर रिक्षात बसण्याआधी रिक्षावालाच मला आठ आणे देणं लागतो. तसं तो देत नाही, कारण खरा आलेख तिथवर त्या रेघेने जातच नाही. दीडपर्यंत तो २५ वर आडवा पडून असतो आणि मग मान वर करतो. एकाच भाड्याच्या दोन रेघा आहेत, आणि तुझा २५ त्या आडव्या रेघेचा.

मला स्वतःला हे कळायला चाळिशी उलटावी लागली, तेव्हा तुझे दोन मार्क गेले त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

आलेखाच्या कागदावर दोन्ही रेघा काढून दादाकरवी फोटो पाठव. पाच किलोमीटरला साडेचौऱ्याऐंशी यायला हवेत. आणि दादा पुण्याला येईल तेव्हा त्याच्याजवळ थोडा इंद्रायणी दे, इथला गिरणीचा तांदूळ मला गोड लागत नाही.

तुझी,
आत्या