आकडा आणि उलटी मोजणी

मराठवाड्यात ‘छावणी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खाम नदीपलीकडची जुनी लष्करी वस्ती, जिथे मी राहतो. दुसरी चाऱ्याची छावणी. ती पाऊस दगा देतो त्या वर्षी माळावर उभी राहते आणि गुरांच्या मालकांना तिथेच मुक्काम ठोकायला लावते. इथल्या गुरुवारच्या गुरांच्या बाजारात हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या की बैल विकायला आणणारे वाढतात आणि भाव उतरतात. पुण्या-मुंबईत वेधशाळेचा अंदाज हा छत्री घरी ठेवण्याचा विनोद असतो. इथे तो विनोद परवडत नाही. म्हणूनच डॉ. वसंत गोवारीकर यांच्या कारकिर्दीकडे मी जरा उलट्या बाजूने पाहतो. त्यांच्यावरचे बहुतेक मराठी लेखन अग्निबाणांपाशी रेंगाळते. मला त्यांची दिल्लीतली वर्षे अधिक बोलकी वाटतात. प्रक्षेपणतळावरची एक शिस्त त्यांनी सरकारी कारभारात आणली, मात्र ती निम्मीच दिल्लीला पोहोचली. उरलेल्या निम्म्याची किंमत आमच्यासारखे जिल्हे अजून मोजत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

गोवारीकर स्वतः उपग्रह बांधणारे नव्हते. उपग्रह वर नेणाऱ्या अग्निबाणाच्या इंधनाचे ते अभियंते होते. १९३३ साली पुण्यात जन्म, बर्मिंगहॅमला रासायनिक अभियांत्रिकीत पीएच. डी., इंग्लंडमध्येच काही वर्षे नोकरी आणि विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ साली थुंबाच्या प्रक्षेपणतळावर आगमन. घन इंधन देशातच तयार व्हावे हा त्यांचा ध्यास होता. १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण १० ऑगस्ट १९७९ ला फसले ते याच काळात. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाली होती आणि पाच-सव्वापाच मिनिटांत सगळा डोलारा बंगालच्या उपसागरात गेला. कारण शोधले गेले, दुरुस्ती झाली आणि १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. मधे फक्त अकरा महिने गेले. या अकरा महिन्यांत जी कार्यपद्धती दिसते ती आपल्या कचेऱ्यांत क्वचितच आढळते. आधी आकडा जाहीर करायचा, तो चुकला तर सगळ्यांदेखत चुकायचा, आणि चूक नेमकी कुठे झाली ते नाव घेऊन सांगायचे.

१९८६ साली ते विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले. हवामान विभाग तेव्हा याच खात्याकडे होता. लगेच पुढच्या वर्षी देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. १९८३ पासून इन्सॅट-१बी उपग्रह ढगांची चित्रे पाठवत होता आणि त्या इन्सॅट-१ प्रकल्पाची धुरा पुण्याच्याच प्रमोद काळे यांनी वाहिली होती. पण ढगांचे चित्र आजचे आभाळ दाखवते. जूनमध्ये उधारीवर बियाणे घ्यावे की नाही हे त्यातून कळत नाही. गोवारीकर आणि हवामान विभागातील शास्त्रज्ञांनी मिळून सोळा घटकांचे संख्याशास्त्रीय प्रारूप उभे केले. हिमालयावरचा आणि युरेशियातला बर्फ, एल निनो, मध्य भारतातले मे महिन्याचे किमान तापमान, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा वायुदाब, इतकेच काय, अर्जेंटिनातला वायुदाबसुद्धा त्यात होता. १९८८ साठी अंदाज होता ११३ टक्के, प्रत्यक्ष पाऊस पडला ११९ टक्के. देशभर गोवारीकरांचे नाव झाले. तरी माझ्या मते त्या वर्षीची मोठी गोष्ट बेरीज जुळणे ही नव्हती. ‘समाधानकारक’ या लवचीक सरकारी शब्दाच्या जागी पडताळता येईल असा आकडा आला आणि त्यासोबत चार टक्क्यांच्या अधिक-उण्याची कबुलीही आली, ही खरी मोठी गोष्ट.

इंधनाच्या माणसाने हवामानात का पडावे, हा आक्षेप तेव्हाही होता. त्याचे उत्तर हवामान विभागाच्याच इतिहासात आहे. गिल्बर्ट वॉकर १९०४ साली या विभागाचे प्रमुख झाले तेव्हा ते केंब्रिजचे गणिती होते, हवामानाशी त्यांचा पूर्वीचा संबंध नव्हता. जगभरचे वायुदाब ताळ्याला ताळा लावून पाहत त्यांनी ज्याला दक्षिणी आंदोलन म्हणतात ते शोधले आणि आजही त्याच्यावाचून मान्सूनचे पान हलत नाही. बाहेरचा माणूस येणे हा दोष नाही. तो सोबत कोणती सवय घेऊन येतो, हे पाहावे.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे आणि तो मी टाळणार नाही. हे प्रारूप मुळातच कच्चे होते. सोळा घटक आणि जुळवायला हाताशी केवळ काही दशकांचे पावसाळे! इतके घटक हाती असले की मागचे जवळपास काहीही जुळवता येते, पुढचे जुळेलच असे नाही. इथे अग्निबाणाची सवयच नडली असावी असे मला वाटते. इंधनाचा घाणा पुन्हा पुन्हा ओतता येतो, चाचणीमंचावर जाळून पाहता येतो, बिघडला तर उद्या दुसरा. पावसाळा वर्षाला एकच घाणा देतो, आणि तो जाळून झाल्यावर परत मागता येत नाही. १९९४ ला अंदाज ९२ टक्के होता आणि पडले ११०. १९९९ ला १०८ सांगितले आणि पडले ९६. चार टक्क्यांची कबुली कधीच मागे पडली होती. पण १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत एकदाही पाऊस नव्वद टक्क्यांखाली गेला नाही. म्हणून ‘अंदाज खरा ठरला’ असे वर्तमानपत्रे सुखाने छापत राहिली. दरवर्षी डोळे मिटून ‘सरासरीइतका’ म्हटले असते तरी चूक फारशी वाढली नसती. मग २००२ आले. अंदाज १०१ टक्के. जुलैमध्ये निम्मा पाऊसही झाला नाही आणि हंगाम संपला पुन्हा ८१ वर, म्हणजे १९८७ इतकाच. ज्या दुष्काळानंतर हे प्रारूप जन्मले, तसाच दुष्काळ त्याला आधी दिसला नाही.

तरीही मी गोवारीकरांच्या बाजूने उभा राहतो, कारण हे सगळे मला इतक्या नेमकेपणाने मांडता येते ते त्यांनी आकडा दिला म्हणूनच. ‘समाधानकारक’ हा शब्द चुकत नाही, म्हणून तो सुधारतही नाही. २००२ ची चूक झाकता येणार नव्हती, म्हणून २००३ पासून घटक कमी झाले, प्रारूपे बदलली आणि एप्रिलच्या अंदाजाला नंतरच्या दुरुस्तीची जोड मिळाली. पुढे समुद्र आणि वातावरण यांचे गणित एकत्र सोडवणाऱ्या संगणकी प्रारूपांकडे हवामान विभाग वळला. त्याची पायाभरणीही त्यांच्याच सचिवपदाच्या काळात झाली होती. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांसाठी दिल्लीत १९८८ साली केंद्र निघाले आणि त्यासाठी अमेरिकेकडून क्रे महासंगणक आणला गेला. सोळा घटकांचे प्रारूप गेले आणि आकडा द्यायची रीत राहिली, हा सौदा मला वाईट वाटत नाही.

आता आमच्याकडचा आक्षेप. देशभराचा एक आकडा घेऊन पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्याने काय करायचे? चेरापुंजी आणि लातूर यांची सरासरी कुणाच्याच शिवारात पडत नाही. हे खरेच आहे, पण जिल्ह्याजिल्ह्याचा आकडा मिळाला की प्रश्न सुटेल यावर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण २०१५ चे आहे. गोवारीकर त्या वर्षी २ जानेवारीला गेले. एप्रिलमध्ये हवामान विभागाने ९३ टक्के सांगितले, जूनच्या सुरुवातीला ते ८८ वर आणले, आणि शेवटी पडले ८६. यापेक्षा चोख अंदाज कुणी मागू नये. मराठवाड्यात तूट होती चाळीस टक्के. दुष्काळी वर्षाची सूचना पेरणीआधी मिळाली होती. तिच्यावरून कोणत्या धरणाचे पाणी पिण्यासाठी राखायचे, उसाचे किती पाणी तोडायचे, चारा कुठून उचलायचा, हे जूनमध्येच ठरवणे कोणावरही बंधनकारक नव्हते. ऑगस्टमध्ये आमच्या शहरातून ढगांवर फवारणी करणारी विमाने मात्र उडाली.

थुंबा-श्रीहरिकोट्याला आकडा आणि कृती एकाच दालनात बसतात. दाब ठरल्यापेक्षा कमी दिसला की उलटी मोजणी थांबते, त्यासाठी दुसऱ्या खात्याला पत्र लिहावे लागत नाही. सचिव झालेल्या अभियंत्याला आकड्याची बाजू सोबत नेता आली. मोजणी थांबवण्याचा अधिकार पाटबंधारे, सहकार, महसूल अशा डझनभर टेबलांवर विखुरलेला होता. त्यातले एकही टेबल त्यांचे नव्हते. त्यांना दोष द्यायचा तर इतकाच देता येईल, की अंदाज अचूक झाला की पुढचे आपोआप होईल असा त्या पिढीच्या शास्त्रज्ञांचा भाबडा समज होता, आणि तो त्यांचाही असावा.

मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी १२ एप्रिल २०१६ ला पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी होत्या, त्यात पाच लाख लिटर पाणी. त्याच दिवशी दिल्लीत हवामान विभागाने त्या वर्षीचा अंदाज जाहीर केला, १०६ टक्के.