दुखण्याचा फोटो

सोनोग्राफी हा शब्द आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकाच अर्थाने चालतो. त्यामुळे, "उद्या अर्ध्या दिवसाची रजा हवी, सोनोग्राफी आहे," असे मी म्हणालो, तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले, आणि मग चित्रकलेच्या मास्तरांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "गुरुजी, कितवा महिना?"

"तिसरा," मी सांगून टाकले. ते खोटे नव्हते. तीन महिने माझा उजवा खांदा दुखत होता. फळ्यावर डोक्याच्या वरची ओळ लिहू लागलो की कळ येई, रात्री त्या कुशीवर वळलो की जाग येई. घरी सहानुभूती मिळेल म्हणावे, तर ही म्हणाली, "दिवाळीची जळमटं काढायची वेळ आली की बरा दुखतो तुमचा खांदा!"

क्ष-किरणांचा फोटो झाला. हाडे निर्दोष निघाली आणि मी मात्र अधिकच दोषी ठरलो. पण डॉक्टर म्हणाले, "त्यात हाड दिसतं. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, ती दिसत नाही. ती सोनोग्राफीत पाहू."

म्हणून मी गंगापूर रस्त्यावरच्या एका दवाखान्यात जाऊन बसलो. समोर भिंतीवर मोठा फलक होता : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. खांदा दाखवायला आलेल्या माझ्यासारख्या बाप्यालाही तो वाचावा लागतो, कारण १९९४ च्या कायद्याने हे यंत्र कशासाठीही वापरा, त्याची सरकारदरबारी नोंद लागते. आपल्या महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९८८ साली, देशात पहिल्यांदा असा कायदा केला होता. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८९४. नुसते दिसू लागले म्हणून माणूस शहाणा होतो, असे नाही.

शेजारी निफाडकडची एक बाई बसली होती. द्राक्षबागेत मजुरीला जाते म्हणाली. छाटणीपासून घड विरळण्यापर्यंत मंडपाखाली दिवसभर हात डोक्याच्या वर! "खांदा गेलाय गुरुजी," ती म्हणाली. "पण घरी म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय हिला. यात दुखणं दिसतंय का हो?"

मला काय ठाऊक? मी आपला मास्तरी थाटात म्हणालो, "दिसतं तर!"

माझा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर थंडगार, चिकट मलम थापले. ते कशाला, हे विचारल्यावाचून मला राहवेना. त्या म्हणाल्या, "मध्ये हवा राहिली की आवाज आत शिरत नाही, तिथूनच परत फिरतो."

आवाज? त्या खोलीत तर पंख्याखेरीज काही ऐकू येत नव्हते. पण माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज कळतो. बाईंच्या हातातल्या त्या ठोकळ्यातला आवाज कोटीच्या घरातला. तो आत जातो, वाटेतल्या प्रत्येक थरावर थोडाथोडा आपटून परततो आणि परतायला किती वेळ लागला यावरून यंत्र खोली मोजते. लहानपणी आजोळच्या विहिरीत खडा टाकून 'डुबुक' कधी ऐकू येते यावर आम्ही पाण्याचा अंदाज घेत असू. हा त्यातलाच प्रकार. फ्रान्समध्ये क्यूरी बंधूंना १८८० साली स्फटिकाचा एक गुण सापडला, पहिल्या महायुद्धात त्याच्या जोरावर पाणबुड्यांचा माग काढण्याची खटपट झाली आणि १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींची व गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. सांध्यांची पाळी नंतर आली. पोटरी सुजली तर ती गुडघ्यामागच्या पाण्याच्या गाठीने की शिरेतल्या गुठळीने, हे या यंत्राने ओळखता येते, असे १९७२ साली डॉक्टरांनी दाखवून दिले.

"हात मागे न्या आणि विजारीच्या मागच्या खिशावर ठेवा," बाई म्हणाल्या. गर्दीत पाकीट सांभाळावे तसा मी बसलो. पडद्यावर हाडाची पांढरी कमान उमटली. तिच्याखाली काळोख, कारण हाडापलीकडे हा आवाज जात नाही. कमानीवर काथ्याच्या दोरीसारख्या बारीक समांतर रेषा होत्या आणि एके जागी त्या तुटून काळी फट पडली होती.

"अर्धवट चीर आहे. विश्रांती आणि व्यायाम. आता हात हळूहळू बाजूला उचला." हात उचलताना ती दोरी हाडाखालून सरकताना दिसली. दुखणारा सांधा हलता असताना पाहता येतो, ही या तपासणीची मोठी खुबी. मी इतका खूश झालो, की चित्राची प्रत कधी एकदा हिला दाखवीन असे झाले.

मग बाईंनी तुलनेसाठी डावा खांदा पाहिला. तिथेही लहानशी चीर!

"पण तो तर मुळीच दुखत नाही," मी म्हणालो.

"होतं असं. वय वाढतं तशी बऱ्याच जणांच्या खांद्यात चीर असते आणि त्यांना पत्ताही नसतो. उलट कुणाचं चित्र अगदी साफ असतं आणि माणूस रात्रभर तळमळतो. म्हणून मी आधी विचारते, मग बघते."

सदरा चढवताना माझा आनंद थोडा उतरला होता. बाहेर येऊन मी त्या बाईला म्हणालो, "बाई, यात काही दिसलं नाही, तरी तुमचं दुखणं खोटं ठरत नाही बरं का." ती माझ्याकडे बघतच राहिली. मघाशी 'दिसतं तर' म्हणणारा हाच का तो मास्तर, असे तिला वाटले असावे.

घरी येताना रिक्षात एक जुनी गोष्ट आठवली. नववीतली एक मुलगी गोळाफेकीत तालुक्यात पहिली येई. एका वर्षी स्पर्धेच्या आठवडाभर आधी ती म्हणाली, "गुरुजी, खांदा दुखतो." मी वर्गासमोर हसून म्हणालो, "दुखणारच. सराव नको असला की सगळ्यांचं सगळं दुखतं." ती काही बोलली नाही. स्पर्धेत उतरली, कितवीशी आली आणि त्यानंतर तिने गोळा हातात घेतला नाही. तिचे नाव मला आठवते. ती आता कुठे असते, ठाऊक नाही. त्या वेळी हे यंत्र असते तर, असे मनात आले. पण लगेच ध्यानात आले, की चित्र साफ निघाले असते तर मी दुप्पट मोठ्याने हसलो असतो. यंत्राची जरुरी नव्हतीच. "कुठं दुखतं गं?" एवढे विचारायचे होते.

घरी ही स्टुलावर चढून जळमटे काढीत होती. "काय निघालं?" तिने विचारले. मी फोटो पुढे केला. तिने तो उजेडात धरून पाहिला आणि या खेपेस काही थट्टा केली नाही. परत देऊन पुन्हा केरसुणी उचलली.

"तुझी कंबर दुखते म्हणत होतीस ना?" मी विचारले. "नक्की कुठं दुखते?"

"दोन वर्षं झाली सांगतेय," ती म्हणाली. मग केरसुणी टेकवून स्टुलावरून खाली उतरली, माझ्याशेजारी बसली आणि सांगू लागली.