औंढ्याचं आवतण!

मैत्रिणीचं लग्न, पाच जर्मन पाहुणे आणि हातात दीड दिवस... दाखवायचं काय?

‘‘ऐक ना, प्रॉब्लेम झालाय!’’ रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. लग्न आठ दिवसांवर आलेल्या मुलीने असं म्हटलं की काळजात धस्सच होतं. पण नवरा मुलगा जागेवर होता आणि ब्लाउजही शिवून आले होते. प्रॉब्लेम वेगळाच होता. नवरदेवाच्या जर्मनीतल्या ऑफिसमधून पाच जण लग्नाला येणार होते. पुण्याच्या रिसेप्शनला नाही, थेट औंढा नागनाथला! ‘‘तू फिरण्याबद्दल लिहितेस ना? मग त्यांना फिरवायचं काम तुझं. आमच्याकडे बघण्यासारखं काहीच नाहीये गं...’’

हे ‘काहीच नाहीये’ मी कॉलेजपासून ऐकतेय. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी तिने गावाचं नाव सांगितलं, तेव्हा आम्हाला ‘औंध’ ऐकू आलं. ‘मग हॉस्टेल कशाला? बसने ये-जा कर की,’ असा सल्लाही आम्ही देऊन टाकला. तेव्हा ती हसली. पुढे मात्र ‘कुठली गं तू?’ला ‘नांदेडच्या जवळची’ म्हणून मोकळी व्हायला लागली. लग्नसुद्धा पुण्यातल्या लॉनवर करू, असा हट्ट तिने घरी दोन महिने धरला होता. बाबांचं उत्तर एकच, ‘‘पोरगी आपल्या दारातून जाईल.’’

आणि माझं तरी काय? मास कॉम झाल्यापासून मी मराठवाड्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा दुष्काळ कव्हर करायला. कोरडी विहीर, रिकामे हंडे, चार फोटो आणि रात्रीच्या बसने परत. पाहुणी म्हणून कधी गेलेच नव्हते!

कॅन्सल झालेला प्लॅन

परदेशी पाहुणे म्हटल्यावर मी डोळे मिटून वेरूळ-अजिंठा लिहून टाकलं. एका बाजूचाच प्रवास चार-पाच तासांचा. मैत्रिणीच्या बाबांनी कागद बघितला आणि शांतपणे विचारलं, ‘‘माणसं सातासमुद्रापलीकडून आपल्या घरी आलीत, अन् तुम्ही त्यांना दिवसभर गाडीत बसवणार? कामून?’’

पॉइंट होता! लग्नाचा पाहुणा आणि टुरिस्ट यांत फरक आहे. पाहुण्याला हळदीच्या आत परत यायचं असतं. आणि त्याला बघायचं असतं ते ज्यांनी बोलावलंय त्यांचं गाव. मग काकांची जीप घेतली आणि गावापासूनच सुरुवात केली.

मान वळवणारं मंदिर

नागनाथाला पहाटेच जा. गर्दी नसते आणि काळ्या दगडावर कोवळं ऊन पडताना बघायला मिळतं. आपल्याकडे हे आठवं ज्योतिर्लिंग मानतात. हाच मान गुजरातमधलं द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांनाही दिला जातो, हे पाहुण्यांना आधीच सांगून टाका. नाही तर ते मोबाइलवर शोधून तुम्हालाच विचारतात!

खालचा भाग हेमाडपंती, नखशिखान्त कोरलेला. पायाशी हत्तींची रांग, वर देव-देवता, नर्तकी, वादक. शिखराचा भाग मात्र वेगळाच, पांढरा. मूळ मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं आणि नंतर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असं सांगतात. म्हणजे दोन काळ एकावर एक उभे! पिंडीच्या दर्शनाला अरुंद पायऱ्यांनी खाली तळघरासारख्या गाभाऱ्यात उतरावं लागतं. आमच्यातला सव्वासहा फुटी जर्मन जवळजवळ दुमडूनच गेला. बंद जागेची भीती वाटत असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. देव समजून घेतो.

खरी गंमत बाहेर आहे. नंदी समोर नाही, मागे! गोष्ट अशी सांगतात की, संत नामदेव कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना मागच्या बाजूला जायला सांगण्यात आलं. ते गेले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले तेही इथेच, अशी परंपरा आहे. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे हाकलून दिलेल्या माणसाकडे देवाने मान वळवली!’’ मला इतकं नेमकं सुचलं नसतं.

नरसी ते पंजाब

नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठावर आहे. शांत गाव. नामदेव इथले, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत! पंजाबात घुमानला ते बरीच वर्षं राहिले, म्हणून २०१५चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. परतीच्या वाटेवर नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा बघितला की ही गोष्ट पूर्ण होते. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. गुरू गोविंदसिंग १७०८मध्ये इथेच निवर्तले. लंगरमध्ये मांडी घालून जेवल्याशिवाय निघू नका.

हळदीच्या गावची हळद

दुपारी काका म्हणाले, ‘‘चला, शेतात जाऊन येऊ.’’ फेब्रुवारीचा शेवट म्हणजे इथे हळद काढणीचा सीझन. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आणि वसमतच्या हळदीला २०२४मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. जमिनीतून काढलेली हळद आधी वाफेवर शिजवतात, मग दोनेक आठवडे उन्हात वाळवतात, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. शिवारभर तो गरम, मातकट वास. जर्मनमध्ये हळदीला ‘कुर्कुमा’ म्हणतात. त्यांनी ती बघितली होती फक्त सुपरमार्केटच्या छोट्या बाटलीत.

संध्याकाळी मांडवात हीच, काकांच्या शेतातली हळद नवरीला लागली. आणि मग पाचही जर्मनांना! आमच्या पुण्याच्या लग्नांत हळदीला पिवळे ड्रेस, पिवळी फुलं, पिवळा फोटो-बूथ सगळं असतं. हळद कुठून आली, हे मात्र मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

‘काहीच नाही’ची किंमत

आता शेवटचा स्पॉट, जिथे खरंच बघण्यासारखं काही नाही. औंढ्याजवळच्या माळावर लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. त्यातून लेझर फिरणार आणि अब्जावधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याचा, प्रोटॉनपेक्षाही हजारो पटींनी सूक्ष्म थरथराट टिपणार! अशा लहरी पहिल्यांदा सापडल्या सप्टेंबर २०१५मध्ये, अमेरिकेत. आपल्या प्रकल्पाला २०१६मध्ये तत्त्वतः आणि २०२३मध्ये २६०० कोटींची अंतिम मंजुरी मिळाली. जर्मनीतही हॅनोव्हरजवळ अशी वेधशाळा आहे, पण तिच्या भुजा ६०० मीटरच्या. हे ऐकून आमचे पाहुणे जरा गप्पच झाले!

आत जाता येत नाही, लांबूनच बघायचं. पण औंढाच का? कारण इथे शांतता आहे. मोठी शहरं, कारखाने, ट्रॅफिक यांचा जमिनीतून येणारा कंप कमी. मैत्रीण ज्याला ‘काहीच नाही’ म्हणायची, त्यासाठीच शास्त्रज्ञांनी ही जागा पसंत केली. मेंदीचे हात सांभाळत ती आमच्यासोबत जीपमधून उतरली होती. बराच वेळ माळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘बाबा बरोबर होते गं.’’

तुम्हीही निघताय?

- कसे जाल : मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सकाळी परभणीला सोडते. तिथून औंढा सुमारे ५० किलोमीटर. नांदेडहून साठ-पासष्ट.
- कधी : डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेचं लग्न असेल तर फिरणं सकाळी दहाच्या आत उरका. महाशिवरात्रीला यात्रेची तोबा गर्दी असते.
- मुक्काम : घरी जागा नसेल तर हिंगोली, नाही तर नांदेड.
- हाताशी एक दिवस जास्त असेल तर : लोणारचं उल्कापाती सरोवर. पहाटे निघा.
- काय खाल : पंगतीतली बुंदी आणि वांग्याची भाजी. ‘बस’ म्हणायचं असेल तर पानावर दोन्ही हात आडवे धरा, नुसत्या शब्दाला इथे किंमत नाही!

पुण्याच्या रिसेप्शनला कुणी तरी नवरीला विचारलंच, ‘‘माहेर औंधचं ना?’’ माझे कान टवकारले. ती म्हणाली, ‘‘औंढा. ढगातला ढ. नागनाथाचं.’’

तेव्हा पुढच्या वेळी पत्रिकेवर एखाद्या न ऐकलेल्या तालुक्याचं नाव दिसलं, तर मोबाइलवरून आहेर पाठवून सुटका करून घेऊ नका. रजा टाका. आवतण आलंय ना? मग जाऊन या!