खाच

गेले सहा वीकेंड मी रस्त्यात रूळ पुरतोय. खऱ्या रस्त्यात नाही हो! संभाजीनगरातले रस्ते आधीच कुणी ना कुणी खणून ठेवलेले असतात, त्यात माझी भर कशाला? हे सगळं लॅपटॉपवर चाललंय. ओपनबीव्हीई नावाचा एक फुकट ट्रेन सिम्युलेटर आहे. त्यात मार्ग म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल असते: इतक्या मीटरवर वळण, इतक्यावर खांब, इतक्यावर इमारत. कोड लिहिणाऱ्या माणसाला याहून आराम तो काय!

मला करायची होती मुंबईची ट्राम. लालबाग ते भायखळा, १९६१ सालची.

आता आमच्या गावाचा आणि ट्रामचा काही संबंध नाही. नाशिकला १८८९ मध्ये अडीच फुटी गेजची, घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली होती. आमच्याकडे तेवढंही कधी नव्हतं. पण आमच्या घराचा आणि ट्रामचा संबंध आहे. आजोबा विसाव्या वर्षी मुंबईला गिरणीत लागले होते. १९६१ च्या पावसाळ्यात लालबागजवळ ट्रामने त्यांना उडवलं, डावा हात कोपरात मोडला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. गिरणीतलं काम सुटलं, ते गावी परतले आणि गुलमंडीवर कापडाच्या दुकानात लागले. आयुष्यभर वाकड्या हाताने कापड मोजलं. थोडक्यात, आम्ही इथले आहोत ते ट्राममुळे. ही गोष्ट मी लहानपणापासून आजीकडून ऐकत आलोय.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आजोबा आता ८४ चे आहेत. त्यांना सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण लालबागच्या चौकातली दुकानं क्रमाने सांगतात. म्हटलं, आत्ताच विचारून घ्यावं.

तर, रूळ. सगळे ट्रेन सिम्युलेटर मनाने मेनलाइनचे असतात. त्यांच्या मते रूळ म्हणजे खडीच्या बंधाऱ्यावर उंच बसलेली वस्तू आणि जमीन कुठेतरी खाली. ट्रामचा रूळ मात्र रस्त्याच्या पोटात असतो, त्याचा माथा आणि रस्ता एकाच पातळीवर. हे जमवायला माणसांनाही वेळ लागलाच होता. १८६१ मध्ये लंडनला एका अमेरिकन माणसाने ट्रामचे रूळ टाकले ते रस्त्याच्या वर थोडे उचललेले. घोडागाड्या त्यावर आदळायला लागल्या, लोक चिडले आणि रूळ उपटावे लागले. त्या माणसाचं नाव जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन. खरंच, आडनाव ट्रेन! मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम धावली, ७ मे १९०७ ला विजेची, १९२० मध्ये डबलडेकर.

मी पहिल्या शनिवारी रस्ता आणि रूळ दोन्ही शून्य उंचीवर ठेवले. चालवून बघतो तर रस्ता जत्रेतल्या लाइटिंगसारखा लुकलुकतोय! दोन पृष्ठभाग एकाच पातळीवर असले की पुढे कोण आणि मागे कोण हे ग्राफिक्स कार्डला ठरवता येत नाही. एका फ्रेमला रूळ जिंकतो, पुढच्या फ्रेमला रस्ता. मग रूळ एक सेंटीमीटर वर उचलला. जवळचं छान दिसायला लागलं, पण दोनशे मीटरवर पुन्हा लुकलुक, कारण अंतर वाढत जातं तशी खोली मोजायची अचूकता कमी होत जाते. (हा बग मी ऑफिसात कुणाला सांगितला असता तर ‘वर्क्स ॲज डिझाइन्ड’ म्हणून बंद केला असता.) शेवटी रस्ताच कापला. बाहेरची पट्टी वेगळी, दोन रुळांमधली वेगळी, मध्ये रुळांपुरती फट. म्हणजे एकावर एक काही राहिलंच नाही.

वळणांनी आणखी छळलं. सिम्युलेटर मुळात मार्गाचे २५-२५ मीटरचे सरळ तुकडे करतो. आगगाडीला ते पुरतं. पण ट्राम १८ मीटर त्रिज्येत काटकोनात वळवायची तर अख्खं वळणच २८ मीटरचं! माझी ट्राम चौकात पोलीस परेडसारखी खाडकन वळायची. तुकडे पाच मीटरचे केले, मग जरा माणसात आली.

दगड मात्र मनापासून केले. रुळांच्या बाजूने काळ्या दगडाचे घडीव ठोकळे बसवत. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात जुने ट्रामचे रूळ निघाले होते, त्याचे फोटो समोर ठेवून टेक्स्चर बनवलं.

राहिली खाच. चाकाच्या आतल्या बाजूला जी खाली आलेली कड असते, ती फिरायला रुळाशेजारी तीन-चार सेंटीमीटरची खाच लागते. मी ती टेक्स्चरमध्येच काळ्या रेघेने रंगवून टाकली. ट्रामच्या केबिनमधून कोण बघतंय?

आजोबांनी बघितली. स्क्रीनला जवळजवळ नाक लावून म्हणाले, “हे काजळ ओढलंयस. यात चाक कसं जाईल?”

“ट्रामचं चाक वरूनच जातं आजोबा, आत जाताना दिसत नाही.”

“ट्रामचं नाही रे.”

एवढं बोलून चहाला उठले. मी जास्त विचार केला नाही. पण रविवारी लासूरच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा एका रेल्वे फाटकावर थांबून नीट बघितलं. तिथेही रूळ रस्त्यात बुडवलेला असतो, शेजारी दुसरा रूळ लावून खाच राखलेली असते, ५१ ते ५७ मिलिमीटरची. ट्रामच्या खाचेपेक्षा मोठीच. तरी त्यावरून सायकली, बाइक, सगळं बिनघोर जात होतं, कारण फाटकात रस्ता रुळांना आडवा छेदतो. ट्रामची खाच रस्त्याच्या बरोबरीने, त्याच दिशेने मैलोन्‌मैल चालते. सायकलचं पातळ टायर तिरकं त्यात घुसलं की हँडल तुमचं राहत नाही.

घरी येऊन खाच खरी केली. रेघ पुसली, चार सेंटीमीटर खोल भिंती दिल्या, तळाला कचरा-माती. पॉलिगॉन दुप्पट झाले आणि पंखा विमानासारखा ओरडायला लागला. मागच्या शनिवारी आजोबांना बसवलं.

“आता बरोबर,” म्हणाले. “पण पाणी?”

“पाणी?”

“पाऊस होता ना. खाच भरली होती. रूळ चमकत होता, पाणीही तसंच चमकत होतं. कळतच नव्हतं कुठे काय ते.”

म्हणजे एवढी मेहनतीने खणलेली खाच आता काठोकाठ भरायची. भरली. एक चमकदार पट्टी रुळाला चिकटून, रस्त्याच्या अगदी किंचित खाली. वरून बघितलं तर पुन्हा सगळं सपाट!

आजोबा म्हणाले, “मला गाडीतून खाली उतरव.” मी कॅमेरा ट्रामच्या बाहेर काढला आणि सायकलवरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. ते बराच वेळ बघत राहिले. ट्राम मागेच उभी होती.

“ही बाजूला घे. ट्राम नव्हतीच तेव्हा.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“सायकल खोलीतल्या एकाची होती. मला नीट येतही नव्हती. पाळीला उशीर झाला म्हणून न विचारता घेतली. चाक अडकलं, मी पडलो. ट्राम पुष्कळ लांब होती, ड्रायव्हर घंटा वाजवत थांबला, त्यानेच मला उचलून कडेला बसवलं.”

“मग आजी म्हणायची की ट्रामने...”

“तिला काय सांगणार? लग्न ठरायचं होतं. दुसऱ्याची सायकल चोरून पडला असं कोण सांगतं?” मग जरा थांबून म्हणाले, “नंतर सांगायचं राहूनच गेलं.”

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, तुडुंब भरून. आजोबा तेव्हा गुलमंडीवर होते. दुकानात आलेल्या पेपरात वाचलं म्हणाले. दुकानातले लोक म्हणाले, बरं झालं, तुझा हात घालवला तिने. आणि हे गप्प बसले.

मी फाईलमध्ये त्या चौकातली ट्राम दोनशे मीटर मागे नेली. रिकामा ओला रस्ता, काळे दगड, दोन चमकत्या पट्ट्या. आजोबांनी वाकडा हात मांडीवर घेतला आणि बघत बसले.

“सायकल नाही का यात?”

सायकल नव्हती. काल रात्रीपासून करायला घेतलीये. स्पोक लुकलुकतायत.